पिंडाला शिवलेलं हरीण

१

सोमवारी चंद्रशेखर जेवायला घरी यायचा. बाकीचे दिवस दुकानातच, काउंटरमागे उभ्या उभ्या डबा. पण सोमवारी हॅमिल्टन शहरातल्या ‘ते रापा’ ह्या भागात गिऱ्हाईक तुरळक असतं, हे त्यानं पहिल्याच वर्षी हेरलं होतं, आणि हेरलेली गोष्ट वाया घालवणाऱ्यातला तो नव्हता.

धंदा त्याला कुणी शिकवला नव्हता. तूरडाळ मुठीत घेतली की तिला तेल चोळलंय का, हे त्याला कळे. नारळ कानाशी हलवून तो सांगे, हा आजच फोडा, हा चतुर्थीपर्यंत टिकेल. एकदा एक गोरी बाई हिंगाची डबी परत घेऊन आली. म्हणाली, ह्यात काहीतरी मेलंय. चंद्रशेखर हसला, तिला मागच्या खोलीत नेऊन चिमूटभर हिंग गरम तेलात टाकून दाखवला, वर जिऱ्याची फोडणी कशी घालायची ते शिकवलं. ती बाई आता स्वतः हिंग नेते आणि शेजारणींनाही पाठवते. सांगायचा मुद्दा असा, की नाक आणि कान ह्या दोन गोष्टींवर त्याचं घर चालत होतं, आणि दोन्ही त्याला सहसा फसवत नसत.

२०१८ सालच्या फेब्रुवारीतला सोमवार होता. पृथ्वीच्या ह्या दक्षिण टोकाला तेव्हा भर उन्हाळा. बाहेर गवत उन्हानं पिवळं पडलेलं, झाडांवर सिकाडा किडे एकसुरी किरकिरत होते. वरण-भात, भेंडीची भाजी, ताक असं जेवण झालं. त्याची बायको सुमेधा मागच्या बाजूला वाळलेले कपडे काढायला गेली. आई रोजच्यासारखी काचेच्या खोलीत आरामखुर्चीवर जाऊन टेकली. चंद्रशेखर सोफ्यावर आडवा झाला. डोळा लागता लागता घोरणं ऐकू आलं. संथ, भरदार, आणि शेवटाला बारीकशी शीळ.

‘अण्णा झोपले वाटतं,’ असं मनाशी म्हणत त्यानं कूस बदलली.

मग तो ताडकन उठून बसला.

अण्णांना, त्याच्या वडलांना, जाऊन चार वर्षं होत आली होती.

तो काचेच्या खोलीशी गेला. आईचे डोळे मिटलेले, तोंडही मिटलेलं, हात मांडीवर. ती घोरत नव्हती. काचेचं सरकतं दार मात्र उघडं होतं, आणि आवाज तिकडून, बाहेरून येत होता. कुंपणापलीकडे विलोच्या झाडाखाली त्याच्या हरणांतला वाकड्या शिंगाचा नर पडला होता, एकटाच, डाव्या कुशीवर, मान गवतात टाकून. त्याचं पोट वरखाली होत होतं.

हरणं असा आवाज काढतात, हे चंद्रशेखरला ठाऊक होतं. शेजारच्या ग्लेननं सांगितलं होतं, माजावर आलेला नर दारू पिऊन झोपलेल्या माणसासारखा घुरघुरतो. पण माज यायचा एप्रिलमध्ये. आणि घुरघुरायचा तो उभ्यानं, माद्यांना ऐकू जावं म्हणून, झोपेत नव्हे.

तेवढ्यात घोरणं मध्येच तुटलं.

अण्णांचं असंच व्हायचं. श्वास अर्ध्यावर अडकायचा, आणि घरातले सगळे हातातलं काम थांबवून पुढच्या श्वासाची वाट बघायचे. चंद्रशेखरच्या लक्षात आलं, की आत्ताही आपण वाटच बघतोय. मग तिकडे गवतात एक मोठा, ओढून घेतलेला श्वास आला आणि घोरणं पुन्हा चालू झालं.

त्याच्या मागे, खुर्चीत, आईनं हळूच श्वास सोडला.

२

हॅमिल्टनच्या पश्चिमेला, डोंगराच्या पायथ्याशी ही जागा त्यानं घेतली ती शहरातल्या चिंचोळ्या घराला कंटाळून. जुनं दुकान घेतलं की जुनी फळकुटं गळ्यात पडतात, तशी जागेबरोबर हरणं आली. फॅलो जातीची, ठिपकेदार, लाजरी. ‘आपल्याला ह्यातलं ओ की ठो कळत नाही,’ असं तो उघडच सांगे. जो माल आपल्याला कळत नाही त्याला कळणारा माणूस धरायचा, हा त्याचा नियम. तो माणूस म्हणजे ग्लेन. उंच, लाल मानेचा, उन्हापावसात जँडल, म्हणजे रबरी चपला, घालून फिरणारा.

अण्णा सांगलीहून इथं राहायला आले आणि वर्षाच्या आत त्यांना अर्धांगाचा झटका आला. बोलणं सुधारलं, चालणं थोडंफार जमलं, पण डावा हात गेला तो गेलाच. पंजाची घट्ट मूठ वळलेली, ती छातीशी. धुवायला म्हणून बोटं उघडायची तर दोघं लागायची. गंमत अशी, की दुपारी जेवून डाव्या कुशीवर झोपले, की तीच मूठ आपोआप उघडायची. पाची बोटं पसरून तळवा वर. जाग आली की पुन्हा मिटायची. डॉक्टर म्हणाले, असं होतं, झोपेत स्नायू सैल पडतात. आई मग दुपारीच त्यांची नखं कापून घ्यायची.

ते २०१४ च्या फेब्रुवारीअखेर गेले. दहाव्याचं काय करायचं हा प्रश्न पडला. भटजी सांगलीहून स्काइपवर. कुंपणाशी पाट मांडून त्यावर पिंड ठेवला, समोर खुर्चीवर लॅपटॉप. सगळं झालं, पण शिवायला कावळाच नाही! ह्या मुलखात कावळा नसतो, हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. काळेपांढरे मॅगपाय कुंपणाच्या तारेवर येऊन बसले, वाकडी मान करून भाताकडे बघितलं आणि उडून गेले.

“दर्भाचा कावळा करा, यजमान,” भटजी स्क्रीनमधून म्हणाले.

“गुरुजी, दर्भ कुठून आणू? विमानतळावर गवताची काडी आत येऊ देत नाहीत.”

“मग इच्छा राहिलीय त्यांची. कबूल करा काय ते.”

चंद्रशेखरनं हात जोडून कबूल केलं. सांगलीचं घर विकणार नाही. ओवीला, म्हणजे त्याच्या मुलीला, हवं ते शिकवीन. आईला जिवापाड सांभाळीन. काही नाही. ऊन चढलं, भात सुकायला लागला. शेवटी आई पुढे झाली. पाटाशी वाकली आणि ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटली.

त्या मोसमात एक पाडस आईवेगळं झालं होतं. सुमेधा त्याला बाटलीनं दूध पाजायची, म्हणून ते माणसांत मोकळं फिरायचं. ते लंगडत लंगडत आलं आणि सरळ पिंडाच्या भातात तोंड घातलं.

“शिवला का? यजमान, शिवला का?” भटजींचं चित्र गोठलं होतं, नुसता आवाज येत होता.

सगळे थकले होते. आईचा चेहरा त्या दहा दिवसांत पहिल्यांदाच सैल पडला होता.

“हो, गुरुजी. शिवला,” चंद्रशेखर म्हणाला. कोण शिवला, ते त्यानं सांगितलं नाही.

३

पाडस वाढलं. नर निघाला. ह्या हरणांची शिंगं दरवर्षी गळतात आणि नवी येतात. आधी नुसते सुळे, मग फांद्या, मग वर्षागणिक रुंद होत जाणारा तळहातासारखा पंजा. ह्याचं उजवं शिंग चारचौघांसारखं आलं. डावं मात्र पहिल्यापासून खाली वळलं. दर वर्षी पडायचं, आणि नवं यायचं ते आधीपेक्षा जास्त मिटलेलं. ह्या फेब्रुवारीत वरची मखमल सोलून आतलं हाड उघडं पडलं, तेव्हा ते डाव्या डोळ्यासमोर आवळून धरलेल्या मुठीसारखं दिसत होतं. बोटं पाच.

ओवी पामर्स्टन नॉर्थला जनावरांची डॉक्टरकी शिकत होती. सुट्टीला आली, तेव्हा चंद्रशेखरनं तिला कुंपणाशी नेलं.

“डॅड, इट्स हीप्स कॉमन, खूप आढळतं हे,” ती म्हणाली. “लहान असताना ह्याचा मागचा उजवा पाय तारेत अडकला होता ना? मागचा पाय दुखावला की शिंग बिघडतं ते अपोझिट साइडचं. टेक्स्टबुक केस.”

“उजवा पाय आणि डावं शिंग?”

“येस. का ते कुणालाच नीट माहीत नाही. पण होतं असं.”

चंद्रशेखरला इतकं हलकं वाटलं, की त्यानं तिला त्या दिवशी तिच्या आवडीचं श्रीखंड खाऊ घातलं. कारण सापडलं की अर्धं काम झालं, असं त्याचं मत होतं. घोरण्याचं मात्र त्यानं तिला विचारलं नाही.

ग्लेन दुसऱ्या दिवशी आला आणि तारेवर कोपरं टेकून बराच वेळ बघत राहिला.

“कल करायला पाहिजे ह्याला, मारून कळपातून काढायला पाहिजे, शेक, मेट,” तो म्हणाला. शेखरचं शेक त्यानं फार पूर्वीच केलं होतं.

“शिंग कापून टाकलं तर? ओवी म्हणते, भूल देऊन कापता येतं.”

“येईल. पुढच्या वर्षी पुन्हा उगवेल, आणि मग डोळ्यातच जाईल. पण खरी भानगड शिंगाची नाहीच. बाटलीवर वाढलेला नर आहे हा. माणसाला घाबरत नाही. एप्रिलमध्ये माज आला, की जो घाबरत नाही तोच मारतो. माझ्या ओळखीचा एक जण असाच गेला, हातानं वाढवलेल्या नरापायी. आणि तुझी मम तर रोज त्याला भात घालायला जाते.”

“बघू.”

“तू गोणीतला सडका बटाटा काढून टाकतोस की नाही? तेवढंच आहे. माज यायच्या आत सांग. मी येतो, एका गोळीत काम. त्याला कळणारसुद्धा नाही.”

सडका बटाटा काढायला चंद्रशेखरला क्षणही लागत नसे. ‘सांगतो’ म्हणून तो घरात आला, आणि मार्च उजाडला तरी सांगायचं राहिलंच.

४

आई स्वयंपाकघरात टेबलाशी बसून मेथी निवडत होती. ऐंशीच्या घरातली, पण नजर स्वच्छ. चंद्रशेखर समोर बसला, त्यानंही चार काड्या ओढल्या.

“आई, त्या वाकड्या शिंगाच्याचं काहीतरी करायला हवं.”

“काय करायचंय?”

“ग्लेन म्हणतो…”

“ग्लेन म्हणेल रे. त्याला ना बायको ना पोर. सकाळी उठून बदकं मारणारा माणूस तो.” तिनं एक पिवळं पान बाजूला टाकलं. “कोवळी कोवळी नको टाकूस, देठंच काढ.”

“तो अंगावर येईल एक दिवस. तू कुंपणाच्या आत जातेस. सुमेधानं बघितलंय.”

“जाते.”

“कशाला?”

आईनं हात थांबवले. “त्या दिवशी तू काय काय कबूल करत होतास. घर काय, शिक्षण काय. त्यांना त्यातलं काही नको होतं. मला माहीत होतं काय हवंय ते, पण तुम्हा सगळ्यांसमोर कसं बोलायचं? शेवटी म्हटलं, एकटे जाऊ नका. जरा थांबा, मी येतेच. मग शिवलं.”

“आई, ते हरीण आहे. भात दिसला, खाल्ला.”

“मी कुठं म्हणते हरीण नाही म्हणून? चार पाय आहेत, शेपूट आहे. दिसतं मला अजून.”

“मग?”

“मग काय! थांबलेत. थांबू दे.”

ती पुन्हा निवडायला लागली. मग, भाजीबद्दलच बोलावं तशा आवाजात म्हणाली, “पन्नास वर्षं मी त्यांच्या घोरण्याशेजारी झोपले. त्यांचा श्वास अडकला, की माझा अडकायचा. त्यांनी घेतल्याशिवाय मी घ्यायची नाही. मग यायचा त्यांचा. दर वेळी यायचा. त्या दिवशी इस्पितळात मी जरा चहा घ्यायला म्हणून उठले…” तिनं वाक्य तिथंच सोडलं आणि देठं कागदात गुंडाळली.

५

चंद्रशेखर चार सोमवार काचेच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसला. डावीकडे कुंपणापलीकडचा तो नर, उजवीकडे खुर्चीत आई. तिकडे श्वास अडकला, की इकडे आईच्या छातीवरचा पदर थांबायचा. तिकडे सुटला, की हा हलायचा. एकदाही चूक नाही.

सवय आहे, त्यानं स्वतःला समजावलं. पन्नास वर्षांची सवय. कानावर आवाज पडतोय, झोपेतही शरीर ऐकतंय. बस.

ही गोष्ट तपासता येण्यासारखी होती, आणि तपासल्याशिवाय माल घेणं त्याच्या रक्तात नव्हतं. पुढच्या सोमवारी त्यानं आईला आतल्या खोलीत झोपवलं. घराच्या पलीकडच्या बाजूची खोली ती, बाहेर नुसती डांबरी वाट. खिडकी लावली, पडदा ओढला, बाहेर टीव्हीवर मालिका मोठ्यानं लावून ठेवली. सुमेधाला फोन देऊन कुंपणाशी उभं केलं आणि आपण फोन कानाला लावून आईच्या पायथ्याशी बसला.

“अहो, ऊन किती आहे इथं,” सुमेधा फोनवर म्हणाली. “काय बघायचंय नक्की?”

“घोरायचं थांबला की सांग. पुन्हा लागला की सांग.”

“तुमचं काय बिनसलंय का? बरं. घोरतोय. घोरतोय… थांबला.”

समोर आईचा पदर थांबला.

टीव्हीवर कुणीतरी रडत होतं. चंद्रशेखर पदराच्या काठाकडे बघत राहिला. काठाला हिरवी वेलबुट्टी होती. तिच्यातली एकही पाकळी हलत नव्हती. आईचा चेहरा शांत होता. मुद्दाम श्वास रोखून धरलेल्या माणसाचा तो चेहरा नव्हता. वाट बघणाऱ्याचा होता.

“हं, घेतला,” सुमेधा म्हणाली.

आणि पदर हलला.

“अहो? ऐकताय ना? काय झालं?”

“काही नाही,” चंद्रशेखर म्हणाला. “आई छान झोपलीय.”

“मग मला उन्हात कशाला उभं केलंत?”

६

एप्रिल लागला आणि नराची मान फुगली. अंगाला उग्र वास मारायला लागला. दिवसभर तो खुरांनी माती उकरायचा, त्यातच लोळायचा, उजव्या शिंगानं विलोची साल ओरबाडायचा. फक्त दुपारचं झोपणं चुकलं नाही. एका संध्याकाळी चंद्रशेखर दुकानातून आला, तर आई कुंपणाच्या फाटकाशी उभी. हात कडीवर. अंगावर ठेवणीतलं नऊवारी लुगडं, गेल्या चार वर्षांत कधी न नेसलेलं. आतल्या बाजूला, हाताच्या अंतरावर, तो नर मान खाली घालून उभा.

“जेवलात का?” आई त्याला विचारत होती.

चंद्रशेखरनं तिला हाताला धरून घरात आणलं आणि त्याच रात्री ग्लेनला फोन केला. काय बांधलंय, कशानं बांधलंय, ते त्याला कळत नव्हतं. एवढंच कळत होतं, की ती गाठ आपोआप सुटायची नाही, आणि थांबलो तर आई एक दिवस कडी काढून आत जाईल.

सोमवारी जेवण झाल्यावर सुमेधा आईला चष्म्याच्या निमित्तानं शहरात घेऊन गेली. ती लांब आणि जागी असली, तर गाठ तुटूनही तिला काही व्हायचं नाही, असा चंद्रशेखरचा हिशेब होता. गाडी वळणाआड जाईपर्यंत ग्लेन थांबला. मग त्यानं रायफल काढली. दोघं पाण्याच्या टाकीआड बसले. ऊन त्यांच्या पाठीवर होतं. नर विलोखाली डाव्या कुशीवर झोपला होता. घोरण्याचा आवाज इथपर्यंत येत होता.

“आजोबा झोपलेत,” ग्लेन पुटपुटला. तो आपला गमतीत म्हणाला. “तू हो म्हण, मेट. तुझं जनावर आहे.”

चंद्रशेखरनं दुर्बीण डोळ्याला लावली. आधी नुसतं गवत दिसलं, मग फुगलेली मान, मग कान. मग डावं शिंग.

ते उघडं होतं.

दोन फांद्यांच्या सावल्या मिळून तसं दिसत असेल, असं त्याला वाटलं. त्यानं दुर्बिणीचं चाक फिरवलं. चित्र आणखी स्वच्छ झालं. पाची बोटं सैल पसरून गवतावर, तळवा आभाळाकडे. हाड होतं ते. हाड असं उघडत नाही. नखं कापायची राहिली होती.

त्यानं मान वळवून ग्लेनकडे पाहिलं. ग्लेनचा डोळा रायफलच्या दुर्बिणीला होता, आणि बोट चापावरून निघून बाजूला ताठ झालं होतं.

घोरणं तुटलं.

खिशात फोन थरथरला. सुमेधा होती. “अहो, आई गाडीत झोपल्यात, पण श्वासच घेत नाहीयेत! मी गाडी कडेला घेतलीय… अहो, किती वेळ झाला… आई! आई!”

विलोखाली पोट हलत नव्हतं.

चंद्रशेखर उठून उभा राहिला आणि त्यानं दोन्ही हातांनी जोरात टाळी वाजवली. पुन्हा वाजवली. मॅगपाय उडाले. नरानं घरघरून श्वास ओढला आणि मान उचलली. फोनमध्ये सुमेधा रडत रडत म्हणत होती, “घेतला, घेतला! अगंबाई, घेतला एकदाचा!”

नर उभा राहिला, तेव्हा डाव्या डोळ्यासमोर हाडाची आवळलेली मूठ होती.

“तू बघितलंस?” चंद्रशेखरनं विचारलं.

ग्लेननं रायफल रिकामी करून पिशवीत भरली. त्याला घाई झाली होती. “डोळ्यात सूर्य होता, मेट. काही दिसलं नाही.”

जाताना त्यानं हात मिळवला नाही. पुढे तो कधी कुंपणापाशी आला नाही.

७

मारायचं नाही, हे त्या दुपारी ठरलं. चंद्रशेखरनं फाटकाला कुलूप घातलं आणि किल्ली स्वतःच्या कमरेला लावली. दुकान हाताखालच्या माणसांवर सोपवलं. घाऊक व्यापारी फोन करून विचारत, ‘शेखरभाई, दिसत नाही हल्ली?’ तो म्हणे, आईची तब्येत. आईची तब्येत तशी ठणठणीत होती. दोन घास जास्तच जेवत होती.

रोज दुपारी तो कुंपणाबाहेर खुर्ची टाकून बसायचा. श्वास अडकला की टाळी. जनावर दचकून श्वास घ्यायचं, मागे काचेआड आईही घ्यायची. दुसऱ्या कुणावर हे सोपवता येण्यासारखं नव्हतं. सुमेधा आधी ओरडली, मग रडली, मग गप्प झाली आणि चहा आणून द्यायला लागली. माज ओसरला. मेचं धुकं सकाळभर रेंगाळायला लागलं. दुपारी पातळ ऊन पडे.

पहिल्या पहिल्यांदा एक टाळी पुरायची. मग दोन लागायला लागल्या. मग तळवे लाल होईपर्यंत. ओवी फोनवर म्हणाली, “डॅड, किती दिवस करणार हे?” धंद्यात त्यानं हा प्रश्न कुणालाही पहिल्या दिवशीच विचारला असता.

त्या दिवशी वारा अजिबात नव्हता. घोरणं बराच वेळ संथ चाललं होतं, आणि चंद्रशेखरलाच पेंग आली होती. जाग आली ती शांततेनं. त्यानं धडपडत टाळी वाजवली. एक. दोन. चार. नरानं डोळा उघडला. उजवा, मोकळा असलेला. मान उचलली नाही, श्वास घेतला नाही. नुसता त्याच्याकडे बघत राहिला. त्या बघण्यात भीती नव्हती. डावं शिंग गवतावर पसरलेलं होतं, डोळा उघडा असूनही, आणि ते मिटत नव्हतं.

चंद्रशेखरनं पुन्हा हात वर केले.

“शेखर.”

आईचा आवाज त्याच्या अगदी मागून आला. त्याचा जीव भांड्यात पडला. ती बोलतेय, म्हणजे श्वास घेतेय.

“टाळ्या नको रे वाजवू. किती दिवस झोपमोड करतोस आमची.”

रागावलेली नव्हती. भर दुपारी ओसरीवर दंगा करणाऱ्या पोराला म्हणावं, तितपतच.

तो वळला. मागे कुणी नव्हतं. काचेचं दार त्यानंच ओढून घेतलं होतं, ते तसंच बंद होतं. काचेपलीकडे आई आरामखुर्चीत होती. डोळे मिटलेले. तोंड मिटलेलं. पदराचा काठ स्थिर.

त्याचे हात अजून वरच होते, एकमेकांपासून वीतभर लांब. एक टाळी अजून वाजवता आली असती. कदाचित एकच पुरली असती. तो काचेकडे बघत राहिला, मग गवताकडे, मग पुन्हा काचेकडे. आईच्या कपाळावरची आठी, जी त्यानं अण्णा गेल्यापासून रोज पाहिली होती, ती आता तिथं नव्हती.

त्यानं हात हळूहळू खाली आणले आणि जरासुद्धा आवाज होऊ न देता मांडीवर ठेवले.